पुतळ्यापुढची पातेली
परवा गल्लीत कल्हईवाला आला, नवसागराचा तिखट धूर नाकात गेला आणि मला धुळ्याच्या छोट्या संग्रहालयातली एक सकाळ आठवली. नव्वदच्या आसपास मी तिथे नुकतीच नोकरीला लागले होते. आम्ही जुन्या तांबटाचं दुकान हुबेहूब उभं केलं होतं: भट्टी, भाता, ऐरण, हंडे आणि हातोडी उगारून बसलेला पुतळा. स्वतःची हत्यारं देणारे खरे तांबट आबाही त्या दिवशी ते बघायला आले होते. इतक्यात, तांबटाचं दुकान निघालंय असं ऐकून साक्रीकडच्या एक आजी काखेत पातेली घेऊन आल्या आणि थेट पुतळ्यापुढे बसल्या. "भाऊ, कल्हई करी दे. नातीनं लगीन शे." पुतळा गप्प. आजी चिडल्या, "मी बोलस नि तू वर बी देखत नही!" मी हसू दाबत म्हटलं, "अक्का, तो पुतळा आहे." त्यांचा चेहरा असा पडला की माझं हसूच विरलं. आबा पुढे झाले, "आण अक्का, मी करी देस." संग्रहालयाचे आमचे साहेब कडाडले, "इथे विस्तव पेटवायचा नाही!" मग आजींकडे पाहून हळूच म्हणाले, "अंगणात न्या." भाता बाहेर आला आणि ओढायला साहेबच बसले. पातेली चांदीसारखी लखलखली. आजींनी तिच्यात तोंड पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना लग्नाचं आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली, 'येथे कल्हई करून मिळत नाही.' पुढच्या बाजाराच्या दिवशी बाया भांडी घेऊन त्या पाटीखालीच रांगेत बसल्या. नंतर नोकरीत मी पुष्कळ पाट्या लिहिल्या, पण इतकी गिऱ्हाइकं एकाही पाटीने आणली नाहीत.