गुरुवारची हिरवी खिडकी

हिरवा रंग माझ्या डोक्यात जातो, त्याला आमचं ऑफिस कारणीभूत आहे. साडी घेताना मी हिरव्या साड्या बाजूला सारते आणि दुकानदार म्हणतो, "ताई, एक तर बघा, हिरवा तुम्हाला खुलेल." त्याला काय सांगणार, कपाळ? मी आपली निळी उचलते आणि निघते.

मी सॉफ्टवेअर तपासते. ताथवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजसमोर एक इमारत आहे, खाली ज्यूस सेंटर आणि वर आम्ही. कारखान्यांच्या लाइनवर जी सॉफ्टवेअर चालतात, त्यातलं एक आमचं. मोटारीत घालायच्या वायरींचा जुडगा तयार झाला की तो एका बोर्डावर लावायचा, आमचं सॉफ्टवेअर त्यातून करंट सोडून बघतं आणि सगळं ठीक असलं की लेबल छापतं. दर थोड्या महिन्यांनी नवीन व्हर्जन निघतं. ते कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या विंडोजवर, जुन्या प्रिंटर-स्कॅनरबरोबर नांदेल की नाही हे बघणं माझं काम.

त्यासाठी टेस्टचा एक मोठा संच आहे आणि तो दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक खिडकी आहे. मोठं बटण दाबायचं, रंगीत पट्टी पुढे सरकते, शेवटी टक्केवारी येते. दुसरी काळी स्क्रीन. तिथे आज्ञा हाताने टाइप करायची, मग ती एकेक ओळ सांगत जाते: हे तपासलं, जमलं, हे तपासलं, जमलं नाही, हे तपासताच आलं नाही, कारण अमुक. दिसायला दळभद्री, पण तोंडावर बोलणारी. मला ती आवडते. आमच्या सरांना खिडकी आवडते, कारण खिडकीचा फोटो काढून क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅप करता येतो.

खिडकीत आधी तीन रंग होते. पास हिरवं, फेल लाल आणि जे तपासताच आलं नाही, म्हणजे स्किप, ते पिवळं. एकदा एका क्लायंटने पिवळ्याबद्दल खोदून खोदून विचारलं. झालं, सरांनी पिवळा काढायला लावला. स्किपलाही हिरवाच द्या म्हणाले, हवं तर जरा फिकट. फोनमधल्या फोटोत फिकट कुठला आणि गडद कुठला!

मी भांडले. म्हटलं, "सर, जो परीक्षेला बसलाच नाही त्याला पास कसं करायचं?"

"स्किप म्हणजे फेल नाही ना?" सर म्हणाले. "मग झालं तर."

आज त्या खिडकीत पिवळा परत आला आहे. तो आपणच आणला, असं सर मीटिंगमध्ये सांगतात. सांगोत बापडे. तो कसा आला ते मला माहीत आहे, आणि आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या पट्ट्यात गुरुवार हाच रविवार. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून बाजारहाट गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, बारशी गुरुवारी. आणि लाइनवरच्या कॉम्प्युटरची टेस्टही गुरुवारी, कारण बाकीच्या दिवशी लाइन थांबवायची म्हटलं की कारखान्यातले लोक आपण त्यांच्या घरात शिरल्यासारखं बघतात. त्यामुळे दर गुरुवारी मी तळेगावच्या घरून स्कूटरवर निघायची आणि कंटेनरांच्या मधून वाट काढत चाकण गाठायची. कारखान्यात वॉचमन, मी आणि बंद पंखे. कॉम्प्युटर चालू करून मिळायचा. पण हातात धरायचे स्कॅनर चोरीला जातात म्हणून बुधवारीच स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद व्हायचे, आणि किल्ली ज्याच्याकडे तो स्टोअरवाला गुरुवारी सुट्टीवर. तेव्हा स्कॅनरची टेस्ट चालायची कशी? काळी स्क्रीन प्रामाणिकपणे लिहायची: स्कॅनर सापडला नाही, स्किप. खिडकी म्हणायची: हिरवं.

म्हणजे ज्या दिवशी काही चालू नसतं, त्या दिवशी सगळं चालतं की नाही हे आम्ही तपासायचो. वर्षानुवर्षं. ह्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. मी दर वेळी सरांना सांगायची, स्कॅनर नव्हता, तेवढं चालू दिवशी करू द्या. सर मान डोलवायचे आणि फोटो पाठवायचे. शुक्रवारी नवीन व्हर्जन लाइनवर.

असंच एक व्हर्जन लाइनवर गेलं आणि काही आठवड्यांनी मला त्या चाकणच्या कारखान्यात बोलावणं आलं. लेबल फिकट छापतंय, एवढीच तक्रार होती. ते काम प्रिंटरची शाईची पट्टी बदलून झालं. सही घ्यायला म्हणून क्वालिटीच्या केबिनमध्ये गेले, तर तिथे एक बाई उभी होती. लाइनवरचा निळा कोट, हातात डब्याची पिशवी. क्वालिटीचे साहेब टेबलावरच्या वायरींवर बोट आपटत तिला झापत होते.

गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून जुडगे परत आले होते. वायरींच्या टोकांच्या पिना अर्ध्याच बसलेल्या. अशा पिनेतून बोर्डावर करंट जातो, पण गाडीत हादरे बसले की ती सुटते. लेबलावर एक चौकोनी कोड असतो. तो वाचला की कुठल्या बाईने, किती वाजता जुडगा तपासला ते कळतं. कोड ह्या बाईचा नंबर सांगत होता. वेळ संध्याकाळची.

"साहेब, माझी सकाळची शिफ्ट," ती म्हणत होती. "संध्याकाळी म्या इथं नव्हतेच."

"ओव्हरटाइमला थांबली असशील."

"न्हाई हो साहेब, लेकराला ताप होता. शिफ्ट सुटल्यासुटल्या घरी गेले. कुणालाबी इचारा."

कुणाला विचारणार? कंत्राटी बायकांचा ओव्हरटाइम गेटवर लिहिला जात नाही, हे चाकणमध्ये चहावाल्यालाही ठाऊक आहे. लिहिला तर द्यावा लागतो ना. त्यामुळे ती थांबली होती हे ते सिद्ध करू शकत नव्हते आणि थांबली नव्हती हे ती. मध्ये उभं आमचं सॉफ्टवेअर.

"सिस्टिम खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "कंत्राटदाराला सांगितलंय मी. उद्यापासून यायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे तिला माहीत नव्हतं. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई, एवढंच. "ताई, तुमी तरी सांगा," ती म्हणाली. "क्वालिटीनं काढली म्हटल्यावर दुसऱ्या गेटावर कोण उभं करतंय? कंत्राटदार समदीकडं त्योच."

ते खरं होतं. लातूरकडून आलेली, महाळुंग्यात एका खोलीत पोराला घेऊन राहणारी बाई. तिच्यासाठी हा कारखाना सुटणं म्हणजे हा सगळा पट्टाच सुटणं. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काळ्या स्क्रीनवरची ओळ आली. स्कॅनर सापडला नाही, स्किप. त्या स्किप झालेल्या टेस्टांमध्ये एक अशी होती: एक शिफ्ट संपून दुसरी बसते, दुसरी बाई आपलं कार्ड स्कॅन करते, तेव्हा लेबलावर नंबर बदलतो का.

"साहेब, सिस्टिम बोलते खोटं," मी म्हणाले. "ती तपासणारी मीच आहे."

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सर एकदम गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही असं करा, ऑफिसला या. आपण इथे निवांत बघू. क्लायंटसमोर आपल्या व्हर्जनबद्दल एक अक्षर काढू नका."

"सर, इथे एका बाईची नोकरी चाललीये."

"ती त्यांची बाई आहे."

मी फोन कट केला. इतकी वर्षं ज्या माणसाला सर सर म्हटलं, त्याच्या तोंडून असं वाक्य इतक्या सहज यावं? मला रडू येत होतं, आणि रडू येतंय ह्याचाच जास्त राग येत होता. चाकणच्या त्या उन्हात पार्किंगमध्ये उभं राहून मी एकटीच मोठ्याने शिव्या दिल्या. वॉचमनने मान दुसरीकडे वळवली.

लाइनचा सुपरवायझर तिथल्याच गावचा, वयस्क माणूस होता. त्याला म्हटलं, मला त्या बोर्डावर थोडा वेळ हवा, आणि आज गुरुवार नाही म्हणूनच हवा.

"लाइन थांबवाया न्हाई यायची, मॅडम," तो म्हणाला. "शिफ्ट बदलताना घ्या काय करायचं ते. तवा तसं बी बोर्ड रिकामाच असतोय."

मला नेमकी तीच वेळ हवी होती. क्वालिटीच्या साहेबांना मी अक्षरशः ओढत लाइनवर आणलं, मागोमाग ती बाईही आली. खिडकी उघडलीच नाही. काळी स्क्रीन उघडली आणि त्या एकाच टेस्टची आज्ञा टाइप केली. स्कॅनर तिथेच होता, तारेला लटकलेला, पूर्ण लाइनवरचा सगळ्यांत जुना. टेस्टला दोन कार्डं लागत होती. सकाळपासून त्या बोर्डावर काम करणाऱ्या आमच्या बाईचं कार्ड लागलेलंच होतं. आता दुसरं हवं.

दुसऱ्या शिफ्टची बाई आलीच होती. ठेंगणी, हसरी, डोक्याला टोपी घालता घालता माझ्याकडे कुतूहलाने बघणारी. मी म्हटलं, "ताई, तुमचं कार्ड जरा लावता का? मैत्रिणीला मदत होईल."

"त्यात काय एवढं," म्हणाली, आणि तिने कार्ड लावलं. स्कॅनर वाजला. पडद्यावर तिचं नाव आलं. मी लेबल छापलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"वाचा."

त्यांनी आपल्या मशीनवर कोड वाचला. पहिलीचाच नंबर. काळ्या स्क्रीनवर तेच उमटलं होतं: हवा होता हा नंबर, मिळाला तो, फेल. साहेबांनी पुन्हा छापायला लावलं. पुन्हा तोच. तिसऱ्यांदाही तोच. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर पहिलं कार्ड नीट लागत होतं. दुपारी दुसरं लागलं की नाव बदलायचं आणि आतला नंबर जुनाच राहायचा. नवीन व्हर्जन आल्यापासून रोज.

मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? सरांचं तोंड, ते फोटो, तो फिकट हिरवा, सगळ्यांच्या तोंडावर ते लेबल फेकून मारावं असं वाटलं. पहिल्या बाईने डब्याची पिशवी छातीशी घट्ट धरली होती. साहेब तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ठीक आहे. उद्या ये कामावर." माफी नाही, काही नाही. पाण्याचा ग्लास लवंडला तर माणूस त्याहून जास्त बोलतो.

मग त्यांनी सुपरवायझरला विचारलं, "संध्याकाळी ह्या बोर्डावर कोण असतं?"

सुपरवायझर बोर्डावरच्या वायरी सारख्या करू लागला.

"कोण असतं, विचारतोय."

त्याने नुसती दुसऱ्या बाईकडे मान वळवली. मला कळायला वेळ लागला. पहिल्या बाईला माझ्या आधी कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत आभार अजिबात नव्हते.

"साहेब, पिना अर्ध्या का बसतात ते बघा ना," मी म्हणाले. "बोर्ड बघा. टार्गेट वाढवलंय का ते बघा. कार्डाचा हा प्रकार तर आमचा दोष आहे, मी लिहून देते."

"ते आमचं आम्ही बघू, मॅडम. तुम्ही एवढंच सांगा. नंबर चुकतो, मान्य. लेबलावरची वेळ बरोबर असते ना?"

वेळेच्या टेस्टला स्कॅनर लागत नाही. ती दर गुरुवारी खरोखर चालली होती आणि खरोखर पास झाली होती. त्या अख्ख्या खिडकीत जे थोडं खरं हिरवं होतं, त्यातलं ते एक. मला खोटं बोलता आलं असतं. वेळेचाही भरवसा नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना ताडून बघता आलं नसतं. पण थोड्या वेळापूर्वी मीच त्यांना ठणकावून सांगितलं होतं, ही सिस्टिम तपासणारी मी आहे म्हणून.

"हो," मी म्हणाले. "वेळ बरोबर असते."

साहेब फोन काढून कंत्राटदाराचा नंबर शोधू लागले. यंत्रांच्या आवाजात दुसऱ्या बाईला आमचं बोलणं नीट ऐकू गेलं नसावं. तिने टोपी नीट केली, स्टूल पुढे ओढलं आणि माझ्या दंडाला हळूच हात लावला.

"ताई, झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "मग बसू का मी आता?"