बाईंना दिलेला काढा

चिकलठाण्याच्या आमच्या वसाहतीत शेजारच्या घरी एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी तिची कांडं ठेचून, तुळस, सुंठ, मिरी घालून काढा उकळायची आणि घरोघर द्यायची. "प्रतिकारशक्ती वाढते," असं ठासून सांगायची. कुणी आजारी पडलं नाही की श्रेय मला मिळायचं. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं.

मग बाईंनाच ताप आला. मी कुंपणावरून विचारलं, "बाई, तपासून यायचं का? रिक्षा बोलावते."

"कशाला गं? तुझा काढा हाय ना. दवाखान्यात जाऊन नसलेलं दुखणं घेऊन यायचं."

मला बरंच वाटलं. दोनदाऐवजी चारदा काढा देऊ लागले. तिसऱ्या दिवशी पेल्यातून सुंठीचा झणका येत होता, तरी त्या म्हणाल्या, "आज नुसतं पाणीच दिलंस व्हय?"

वास-चव गेली म्हणजे कोरोनाच, हे मला तेव्हाच कळलं. कळूनही मी आणखी एक दिवस जाऊ दिला. उद्या उतरेल, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे काढ्याचा गुण आला नाही, हे मला गल्लीत सांगायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या पायरीवर धापा टाकत बसल्या होत्या. रिक्षातून दवाखान्यात नेलं. खाट मिळेस्तोवर दुपार झाली. आठवड्यानं त्या गेल्या. तोंडही पाहायला मिळालं नाही.

टाळेबंदी उठल्यावर त्यांची मुलगी पुण्याहून आली. माझे हात धरून म्हणाली, "ताई, शेवटी तुम्हीच आईला जपलंत." मी नुसती मान हलवली. तेव्हापासून दुपारी गॅसपाशी उभी असले की त्या बंद घरातून धाप ऐकू यायची. मी हातातलं काम टाकून बाहेर जाऊन बघायची. दाराला कुलूप असायचं.

मागच्या हिवाळ्यात बाईंची मुलगी त्यांचं घर आवरायला आली. सोबत तिचं लेकरू, तीन दिवस तापानं फणफणलेलं. "ताई, थोडा काढा द्या ना. आईचा लई भरवसा होता त्याच्यावर."

"नाय," मी म्हणाले. "आधी डॉक्टर."

आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गेलेला वास, वाया घालवलेला तो दिवस, माझी बढाई.

ती तिथंच फरशीवर बसली. लेकराला जवळ ओढून म्हणाली, "आई रोज फोन करायची. दवाखान्यात जाऊ नको, काढाच घे, असं मीच म्हणत होते. तुम्हाला ते कळलं असेल, तुम्ही बोल लावाल, असं वाटायचं. म्हणून आधीच आभार मानून टाकले."

आम्ही दोघी लेकराला घेऊन जालना रोडवरच्या डॉक्टरांकडं गेलो. घशाचा संसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाले, "काढा घ्या, पोटभर जेवा, नीट झोपा, कोण नको म्हणतंय? पण ताप अंगावर काढू नका." चार दिवसांत लेकरू खेळायला लागलं.

मुलगी अजून अधूनमधून फोन करते. लेकराची शाळा, इथलं ऊन, असलं काहीबाही बोलतो. मध्येच दोघीही एकदम गप्प होतो. फोन मात्र कुणीच ठेवत नाही.