लाल लेबलाचे खोके

माझ्या हातून झालेला एक घोटाळा सांगतो. हसा हवं तर, मीही सांगताना हसतो.

झालं काय, मागच्या वादळात शेजारच्या गावातल्या एका लायब्ररीचं तळघर बुडालं. जुने फोटो, पत्रं, सगळ्याचा लगदा! ते ऐकून मी इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये भाषण ठोकलं. "उद्या आपल्यावर ही वेळ आली तर? आपला ठेवा कोण वाचवणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झालं, मीच वाचवणार!

आमच्या पार्सिपनी गावात एका ऑफिस बिल्डिंगच्या तळघरात मंडळाची भाड्याची खोली आहे. तिथे मी घरोघरचा ठेवा गोळा केला. नाटकांच्या हस्तलिखित संहिता, पहिल्या गणपतीचे फोटो. आणि नलिनी काकूंची वही.

काकू एडिसनला मुलाकडे राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या आईने जात्यावरच्या ओव्या स्वतःच्या हाताने त्या वहीत उतरवल्या होत्या. काकू द्यायला तयार नव्हत्या.

"माझ्या कपाटात बरी आहे रे."

"काकू, कपाट म्हणजे काय सेफ जागा आहे? माझ्याकडे प्लॅन आहे प्लॅन!"

दिली बिचारीने.

माझ्या मदतीला मीरा होती. इथेच जन्मलेली, पस्तिशीची, फार्मसिस्ट. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "दिलीप काका, आधी वही स्कॅन करू या? फोनवर होईल, ट्वेंटी मिनिट्स."

"स्कॅनिंग फेज टू मध्ये आहे," मी म्हणालो. काय तो रुबाब!

फेज वन म्हणजे लेबलं. पूर आला तर जे सगळ्यात मौल्यवान, ते सगळ्यात आधी बाहेर काढायचं. अशा खोक्यांना लाल लेबल. काकूंची वही त्यातच. मीरा म्हणाली, "इंग्लिशमध्ये पण लिहू या ना, मला नीट कळेल." मी भडकलो. संस्कृती वाचवायची आणि लेबलं इंग्रजीत? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आधी बाहेर काढा'.

मग एका शनिवारी सकाळी ड्रिल ठेवलं. मी पार्किंगमध्ये स्टॉपवॉच घेऊन उभा. शिट्टी वाजवली. मीरा आणि तिच्यासारखेच इथे वाढलेले दोघंजण पळत सुटले. पाच मिनिटांच्या आत लाल लेबलाचे तिन्ही खोके बाहेर! मी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांना भाषण द्यायला आत गेलो.

आता मीराचं ऐका. तिच्या घरी 'बाहेर काढ' हे दोनच गोष्टींबद्दल ऐकलेलं, कचरा आणि रद्दी. खोके मीच भरले होते, लाल लेबलाचा अर्थ तिला सांगितलाच नव्हता; तिला वाटलं, काका ड्रिलबरोबर साफसफाईही उरकतायत. मी आत गेल्यावर तिने खोके नेऊन थेट रस्त्याच्या कडेला, रिसायकलिंगच्या डब्यांशेजारी नीट रचले.

दहा मिनिटांनी हॉर्न वाजला. रिसायकलिंगचा ट्रक. माझी गाडी त्याच्या आड येत होती.

आणि मी काय केलं? पळत गेलो, सॉरी म्हणालो, गाडी बाजूला घेतली. ड्रायव्हरला हात करून म्हटलं, "हॅव अ गुड डे!"

परत आत येऊन मी मीराला विचारलं, "लाल खोके कुठे ठेवलेस?"

"आउट. तुम्ही लिहिलंत ना, बाहेर काढा."

"बाहेर म्हणजे कुठे?"

तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. डब्यांशेजारची जागा रिकामी होती.

आम्ही गाडी दामटली. रिसायकलिंगच्या शेडमध्ये कागदाचा डोंगर होता, आणि त्याच्या बाजूला दाबून बांधलेले गठ्ठे. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "सर, विच वन इज युअर्स?" आम्ही दोन तास उकरत होतो. एक फोटो मिळाला, तोही अर्धा. मीरा रडत होती, "काका, आय शुड हॅव आस्क्ड." तिने काय विचारायचं होतं? तिने तर आधीच विचारलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी एडिसनला गेलो. काकूंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळीच गेली?"

"हो काकू."

त्या पदराशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "ओव्या काय, थोड्याफार येतात मला. पण आईचं अक्षर होतं रे ते. तेवढंच होतं माझ्याकडे."



आता दर रविवारी मीरा त्यांच्याकडे जाते. काकू ओव्या म्हणतात, ती टाइप करते आणि लगेच दोन ठिकाणी कॉपी ठेवते. काही ओव्या दुसऱ्या ओळीवरच अडतात. काकू डोळे मिटून हात जात्यासारखा फिरवत राहतात, आणि कधी कधी हात थांबतो तरी ओळ येत नाही.

पहिल्या रविवारी मीही गेलो होतो. दाराजवळ अवघडून उभा होतो. शेवटी विचारलं, "काकू, मी काय करू?"

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू ना दिलीप, चहा टाक," त्या म्हणाल्या. "गाळायला मीरा येईल."