शिट्टी होईपर्यंत

दोन डिसेंबरला सकाळी भोंगामामांनी तपासणी केंद्राच्या खिडकीत पाच हजार आठशे चाळीस रुपये भरले आणि बाहेर येऊन पावती फाडून टाकली. कॉलेजच्या फीच्या खिडकीमागे बसून ज्या माणसानं वर्षानुवर्षं पोरांना ‘पावती जपून ठेवा’ असं बजावलं, त्यानं स्वतःची पावती फाडावी ही साधी गोष्ट नव्हती. पण मामी कपडे धुवायला टाकण्याआधी प्रत्येक पँटचे खिसे उलटे करायच्या, आणि ती पावती भाचीच्या उजव्या गुडघ्याची होती.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. ताई आणि तिचे यजमान दूरच्या गावी, म्हणून पोरगी कॉलेजसाठी मामाकडे राहायला आली. आली तेव्हाच तिला माळ्यावरचा डबा स्टूल न घेता काढता यायचा. मामी खूश झाल्या, आणि कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मॅडम त्याहून खूश झाल्या. संघातल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं शिडी. मामाचं नाव त्याआधीच पडलेलं होतं.

त्याची हकीकत अशी. फार वर्षांपूर्वी कॉलेजात सामने होते आणि वेळ लावणारा माणूस आलाच नाही. प्राचार्यांनी फीच्या खिडकीत डोकावून विचारलं, घड्याळ कळतं ना? मामा हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून घड्याळ आणि भोंगा त्यांच्या गळ्यात पडला तो पडलाच. स्वतः कधी चेंडूला हात लावलेला नाही. उंची बेताची, पोट त्याहून थोडं जास्त. पण टेबलामागे बसले की कुणाचे नाहीत. पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली होती. राखीव खेळाडू आत जायला आला म्हणून त्यांनी खेळ चालू असतानाच भोंगा दाबला. नियम असा आहे की खेळ थांबतो तो पंचांच्या शिट्टीनं. भोंग्यानं फक्त पंचांना कळवायचं, आणि तेही चेंडू थांबलेला असताना. पण पोरं भोंगा ऐकून जागच्या जागी उभी राहतात. त्या दिवशी एका बाजूची पोरं उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूच्या एकानं आरामात जाऊन चेंडू टाकला. सामना एका गुणानं गेला. हरलेल्या संघातल्या एका पोरानं मामांसमोर येऊन नुसतं बघितलं. मामांनी कानाला खडा लावला. शिट्टी झाल्याशिवाय भोंग्यावर बोट नाही.

मामींना याचं भारी हसू. “घरात दूध उतू जाऊन शेगडी विझते तरी तुम्हाला पत्ता नसतो,” त्या म्हणायच्या, “आणि तिथे म्हणे सेकंदाचा हिशेब ठेवता.”

तर गुडघा. डॉक्टरांनी सांगितलं की आतला एक बंध निम्मा तुटलेला आहे. चालायला हरकत नाही, सरळ पळायलाही फारशी नाही, पण उडी मारून वाकडी उतरली तर उरलेला निम्माही जाईल. मग शस्त्रक्रिया, आणि खेळाचं नाव नको. त्यापेक्षा आताच तीन महिने बसा. शिडीनं सगळं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामाच्या बाहीला धरून म्हणाली, “आईला नाही सांगायचं. मामीला तर नाहीच. स्पर्धा संपली की तीन महिने काय, वर्षभर बसते.”

मामांनी रागावून बघितलं. तिनं रागाकडे लक्षच दिलं नाही. “मामा, आम्हा पाच जणींत रिंगपर्यंत हात जातो तो एकटीचा. मी नसले तर बाकीच्यांनी काय खालून टाळ्या वाजवायच्या?”

हे खोटं नव्हतं, आणि मामांची पंचाईत तिथेच होती. या कॉलेजचा मुलींचा संघ दरवर्षी दुसऱ्या फेरीत हरून घरी यायचा. इतका नेमानं हरायचा की वाहन ठरवतानाच संध्याकाळच्या परतीचं सांगून ठेवत. त्या वर्षी मात्र काय झालं कुणास ठाऊक. पहिला सामना जिंकला, दुसरा जिंकला, तिसऱ्यात अकरा गुणांनी मागे असताना शेवटच्या पाच मिनिटांत उलटवला. मुली वर्गात बसेनाशा झाल्या. मामांच्या खिडकीसमोर फी भरायला आलेली पोरं आधी स्कोअर विचारायची आणि मग पैसे काढायची. उपान्त्य आणि अंतिम सामने याच कॉलेजच्या हॉलमध्ये ठरले तेव्हा शिपायांनी आपण होऊन बाकं पुसली. भाचीला घरी बसवायचं म्हणजे हे सगळं मोडायचं. आणि खरं सांगायचं तर मामांनाही ते मोडायचं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आनंदाचं घड्याळ लावलं होतं.

पण दर रविवारी ताईचा फोन यायचा. पोरगी बरी आहे ना, ती विचारायची. मामा म्हणायचे, उत्तम. आणि फोन ठेवून उगीच बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी शब्द मोडला, पण अर्धाच. घरी बोलले नाहीत, मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. त्या आधी म्हणाल्या, मग नको खेळायला. मग जरा वेळ भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत बसल्या, आणि म्हणाल्या, थोडं थोडं खेळवू. आत घ्यायचं, दम लागायच्या आत बाहेर काढायचं. पाय थकला की वाकडा पडतो, थकूच द्यायचा नाही. तिच्या जागी जाणारी मुलगी बाजूला तयार ठेवायची. मामांना हे पटलं, कारण त्यांना ते पटायला हवं होतं. शिडीला कळलं तेव्हा ती दोन दिवस मामाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीठ मागण्याच्या निमित्तानं बोलली.

उपान्त्य सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाबरोबर त्यांचे सर आले. डोक्यावर लाल टोपी, आवाज हॉलभर. टेबलावर कोण बसलंय हे बघायला ते मुद्दाम आले. त्यांच्या संघातल्या कुणी तरी त्यांच्या कानात सांगितलं असावं की वेळ लावणारा गृहस्थ समोरच्या सेंटरचा, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच मुलीचा, सख्खा मामा आहे. मामांनी आपण होऊन म्हटलं की हरकत असेल तर मी उठतो. मनातून त्यांना वाटत होतं की या माणसानं हरकत घ्यावी. लाल टोपीवाल्या सरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

“अहो, भोंगा बसलाय म्हटल्यावर मी निश्चिंत आहे. तुमचा सख्खा बाप खेळत असता तरी चाललं असतं.”

आजूबाजूचे हसले. मामाही हसले. हॉल गच्च भरला होता, खिडक्यांच्या गजांना धरून पोरं लटकलेली.

पहिली दोन क्वार्टरं ठरल्याप्रमाणे गेली. शिडी आत यायची, चार-सहा चेंडू रिंगवरून उचलायची आणि बाहेर जायची. तिच्या जागी जायची ती संघातली सगळ्यात बुटकी, पिटुकली. ती आत गेली की समोरच्या मुली गुण काढायच्या, शिडी परत आली की फरक भरून निघायचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये शिडी आत होती आणि सामना बरोबरीत होता. मामांच्या लक्षात आलं की उतरताना ती आता दोन्ही पायांवर उतरत नाहीये, डाव्यावर उतरून उजवा नंतर टेकवतेय. मॅडमच्याही लक्षात आलं. तेवढ्यात चेंडू बाहेर गेला, शिट्टी झाली, आणि मॅडमनी पिटुकलीला हाक मारली, जा, जा लवकर.

पिटुकलीच्या अंगावर ट्रॅकसूट होता. वरचा तिनं एका झटक्यात काढला. खालच्या पँटची नाडी ओढली, तर गाठ बसली. ती गाठ सोडवायला वाकली, शेजारची वाकली, दोघी मिळून ओढू लागल्या. गाठ आणखी घट्ट झाली. मामांचं बोट भोंग्यावर होतं, पण खेळाडू खेळण्याच्या वेशात टेबलापाशी आल्याशिवाय भोंगा द्यायचा नसतो. पंचांनी चेंडू आत दिला. खेळ सुरू झाला. पिटुकलीनं शेवटी नाडी दातानं तोडली आणि धापा टाकत मामांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली. उशीर झाला होता तो एका श्वासाचा.

“मामा, वाजवा ना.”

“शिट्टी होऊ दे.”

आणि शिट्टी होईना. एरवी बास्केटबॉलमध्ये दर थोड्या वेळानं काही ना काही होतं. कुणी कुणाला ढकलतं, चेंडू कुणाच्या तरी पायाला लागतो, बाहेर जातो. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या मुली इतक्या सफाईनं खेळत होत्या की पंच नुसते पळत होते. चेंडू रिंगमधून पडला तरी त्या टप्प्यावर खेळाडू बदलता येत नाही. चेंडू पडला, उचलला, परत आत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोक उभे राहिले होते. इतका सुंदर खेळ त्या हॉलनं पाहिला नसेल. मामांना तो बघवत नव्हता.

खेळ थांबवून घ्यायचे टाइमआउट मॅडमनी आधीच संपवले होते; त्या रेषेवर उभ्या राहून ओरडत होत्या, शिडी, उड्या नको, उड्या नको. गोंगाटात त्यांचं त्यांनाही ऐकू येत नसावं.

“मामा, आता?” पिटुकलीनं विचारलं.

“शिट्टी होऊ दे गं.”

बोटाखालचं बटण घामानं ओलं झालं होतं. दाबलं तर काय होईल हे मामांना पक्कं ठाऊक होतं. पंच थांबणार नाहीत, पण पोरी थांबतील, शिडी तर नक्की थांबेल. घरात थट्टेनं तोंडानं त्या भोंग्याची नक्कल तिनं इतक्या वेळा केली होती की तो आवाज तिनं कुठेही ओळखला असता. नंतर म्हणता आलं असतं, बोट घसरलं. कुणी अविश्वास दाखवला नसता. नेमकं तेच त्यांना जमेना. समोरच्या बाकासमोर लाल टोपी उभी होती आणि ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. बघण्याची गरजच नव्हती तिला.

शिडीनं रिंगवरून चेंडू काढला, पलीकडे फेकला, स्वतः मागून धावत गेली. पुन्हा उडी. पुन्हा. मग एकदा दोघी समोरासमोर उडाल्या, दुसरी आधी उतरली, शिडी तिच्या पायाशेजारी उतरली आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला गेला. आवाज झाला नाही. ती नुसती खाली बसली, जशी घरी फरशी पुसायला बसते तशी.

शिट्टी झाली.

मामांनी भोंगा दाबला. अगदी नियमाप्रमाणे, वेळेवर. पिटुकली रडत आत गेली.

शिडीला चौघींनी उचलून टेबलाशेजारून नेलं. मामा उठायला गेले तर शेजारी गुण लिहिणाऱ्या ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं, घड्याळ कोण लावणार? मामांनी इकडेतिकडे पाहिलं. पंच हात वर करून त्यांच्याकडे बघत उभे होते. मामा बसले, आणि पंचांचा हात खाली आल्याबरोबर त्यांनी घड्याळ चालू केलं. उरलेल्या सगळ्या खेळाची वेळ त्यांनी लावली. काय झालं ते त्यांना नंतर विचारून कळलं. आपल्या मुली पेटून खेळल्या आणि तीन गुणांनी जिंकल्या. पोरांनी पिटुकलीला खांद्यावर घेतलं. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा अंतिम सामना.

मामा जिमखान्याच्या खोलीत गेले तेव्हा शिडी बाकावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर टॉवेलात बांधलेला बर्फ होता. लाल टोपीवाले सर तिथेच होते. हरल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण ते मामांना म्हणाले, माणूस असावा तर असा. मामांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर शिडीनं विचारलं, “पिटुकली खुर्चीवर येऊन बसली होती ना?”

“बसली होती.”

“मी बघितलं होतं तिला. म्हणूनच सगळ्या उड्या मारून घेतल्या. म्हटलं, आता बाहेर काढतील.”

“चेंडू नुसता बाहेर टाकला असतास तरी शिट्टी झाली असती,” मामा म्हणाले.

“माहितीय.”

बर्फ वितळून पाणी बाकाखाली साचत होतं, ते त्यांनी पायानं बाजूला सारलं.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी झाला. मामांनी प्राचार्यांना सांगितलं की मला मोकळं करा. प्राचार्य म्हणाले, ऐन वेळी दुसरा माणूस कुठून आणू? सत्तावीस गुणांनी हार झाली. रिंगखाली पिटुकली दोन्ही हात वर करून उड्या मारत होती आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जात होते. त्या सामन्यात शिट्ट्या पुष्कळ झाल्या.

ताईला फोन करावाच लागला. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, तुला आधी माहीत होतं का रे? मामा म्हणाले, हो. तिनं फोन मामींकडे द्यायला सांगितला. मामींनी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात भांडी लावली, एकही टोमणा मारला नाही, आणि मामा त्या टोमण्याची वाट बघत जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले.

शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. शिडी आता चालते, जिना चढताना कठड्याला धरते. परीक्षा झाली, ती गावी गेली. माळ्यावरचे डबे मामी पुन्हा स्टूलवर चढून काढतात. पुढच्या वर्षी संघ पुन्हा दुसऱ्या फेरीत हरला. भोंगा मामांकडेच आहे.

त्या दिवशीचा बर्फ लाल टोपीवाल्या सरांनी समोरच्या रसाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं आणला होता, हे मामांना दुकानदाराकडून कळलं, तेव्हा सरांची बस निघून गेली होती. बर्फाचे साठ रुपये झाले होते. ते मामांनी अजून दिलेले नाहीत.