बायकांची पट्टी

यजमान शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा हे त्यांना सांगायचं ठरवून मी दोनदा खुर्ची ओढून बसले, आणि दोन्ही वेळा औषधाचं विचारून उठले. बहिणीला सांगितलं नाही. देवाला ठाऊक असणारच — पण माझ्या तोंडून नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं.

आधी स्वभाव सांगते. मी संशयी. दूधवाल्याच्या मापापासून पाहुण्यांच्या हसण्यापर्यंत, कुणी गोड बोललं की याला काय हवंय हेच आधी मनात येतं. कारण म्हणून नाही सांगत. नुसतं ठाऊक असावं.

स्वातंत्र्य आल्यावर दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. धुळ्याला मुलींच्या एका शाळेत मी शिवण शिकवायची. सकाळची प्रार्थनाही माझ्याकडे — पेटी वाजवायची आणि वरच्या पट्टीत गायची. त्याचे वेगळे पैसे नव्हते, पण मान होता. मग शाळेनं गाण्याच्या बाईंची जागा काढली आणि मोठ्या बाईंनी धरणगावची द्वारका आणली. बाविशीची, नवऱ्यानं टाकलेली, कडेवर दोन वर्षांची पोर. महिनाभर माझ्या पेटीवर सराव करायचा, मग कमिटीपुढे गायचं, असं ठरलं. जागा मिळाली तर शाळेमागच्या खोलीत पोरीसकट राहता येणार होतं. नाही मिळाली तर पुन्हा भावजयीचं दार.

ती पहिल्यांदा गायली तेव्हा मुली फिस्सकन हसल्या. आवाज बाईचा, पण खालचा — जाड, भरलेला, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. वडिलांच्या भजनात, पुरुषांच्या रांगेत बसून गात वाढलेली. मला काय वाटलं असेल? ही ढोंग करते. घसा दाबून काढते हा आवाज, चारचौघींत उठून दिसावं म्हणून. बाईचा आवाज असा असतो का कुठे?

मग मी तिला पकडायचं ठरवलं. तिला न सांगता रोज सूर थोडा थोडा चढवायचा. आज पेटीवर काळी दोनची पट्टी, उद्या तिच्या वरची पांढरी तीन, परवा त्याच्याही वर. तिला पट्ट्यांची नावं ठाऊक नव्हती. "अक्का, तुम्ही सूर द्या, तठेच मी गास," म्हणायची. पेटीवाला देईल त्या सुराशी गाणाऱ्यानं वाद घालायचा नाही, असं वडिलांनी शिकवलेलं. आणि पेटीवाला सूर देतो तो गाणाऱ्याचा गळा ओळखूनच — हेही त्यांनीच शिकवलेलं.

ढोंग नव्हतं. आठ दिवसांत कळलं मला. काळी दोनमध्ये ती खाली-वर मोकळी फिरायची. काळी तीनला मानेच्या शिरा दिसायला लागायच्या. काळी चारला वरच्या मध्यमावर आवाज फाटायचा — दर वेळी, नेमका तिथेच. आवाज खालचा म्हणजे कमी नव्हे, त्याचं घरच तिथे असतं, इतकी अक्कल मला त्या आठ दिवसांत आली. तिच्या गळ्याबद्दल तिच्याहून मला जास्त कळत होतं.

तुम्हाला वाटेल, संशय फिटला असेल. कसला फिटतो! तो नुसता जागा बदलून बसला. ढोंगी नाही, म्हणजे खरोखर चांगली आहे. मग प्रार्थना कुणाची? मोठ्या बाई हिच्यासाठी चहा का मागवतात? ही पोरीला माझ्याच मांडीवर का ठेवते? तिच्या प्रत्येक 'अक्का'मागे मी डाव शोधत होते.

आणि कमिटीचा दिवस. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले — घाईत बोट चुकलं. कुणी विचारलं तर हेच सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. पण बोट चुकलं नव्हतं. मी काळी चार धरली. जाणून धरली. कमिटीतल्या एका वयस्क गृहस्थांना गाण्यातलं थोडं कळत असावं. ते म्हणाले, "यांना उंच नाही ना होणार हे?"

"बायकांची हीच पट्टी, साहेब," मी म्हणाले.

द्वारकानं एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं. सूर चढा आहे हे तिला जाणवलं असणार. पण अक्कांनी दिलेला. तिनं पदर सावरला आणि सुरुवात केली. वरच्या मध्यमावर आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मी थांबून खालची पट्टी धरली असती तर? हात माझाच होता, कुणी धरला नव्हता. मी भाता मारत राहिले. नंतर मोठ्या बाईंना म्हणाले, गळाच नाही हो बिचारीला. 'बिचारीला' हा शब्द मी मुद्दाम घातला होता.

ती धरणगावला परतली, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला लागली. जाताना माझ्या पाया पडली. पुढे नऊ-दहा वर्षं मला एकच शंका — तिला कळलं असेल का? ते पाया पडणं म्हणजे टोमणा तर नव्हता?

मग बोदवडला पुतणीच्या लग्नात ती दिसली, पोळ्या लाटणाऱ्या बायकांत. मी तोंड फिरवत होते, तिनंच येऊन हात धरला. सोबत पोर, बारा वर्षांची.

"अक्का, तुम्हनी पेटी बराबर व्हती," द्वारका म्हणाली. "मना गळाच खोटा शे. पन हिले मी रोज काळी चारमाच गावाले लावस. जरा ऐका."

म्हणजे त्या दिवशी माझ्या बोटाकडे बघून तिनं पट्टी ध्यानात ठेवली होती. पुढे कुणाला तरी पेटीवर ती पट्टी दाखवून पट्टीचं नाव विचारलं होतं.

पोर गायली. दोन ओळींतच ओळखलं मी — आईचाच गळा, खालच्या घरचा. वरच्या मध्यमाला मानेच्या शिरा ताणल्या आणि आवाज फाटला, नेमका तिथेच. पोरीनं अपराध्यासारखं आईकडे पाहिलं. संशयाला आता कुठे जागाच नव्हती. द्वारकाला काही कळलं नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता — रोज, पोरीच्या गळ्यावर. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ही पट्टी हिची नाही, तुझीही नव्हती.

"रियाज वाढव तिचा," मी म्हणाले.

द्वारकानं मान डोलावली आणि पोरीला पहिल्यापासून म्हणायला सांगितलं. तिकडे पंगत मांडली होती. मागे पोरीचा आवाज पुन्हा चढायला लागला. मी पाट ओढून घेतला आणि जेवायला बसले.