तीस फुटी लोंबी

उरवड्याला माझी पत्र्याची शेड आहे. तिथे मी दुकानांचे, हॉटेलांचे दिव्यांचे बोर्ड बनवतो. चपलेच्या दुकानाला चप्पल, चष्मेवाल्याला चष्मा, दातांच्या डॉक्टरला दाढ. जे मागाल ते बनवून दिलंय आणि आजवर एकाचाही स्क्रू वाऱ्याने ढिला झालेला नाही. हे मी मिजाशीत सांगतोय. मिजास ही माझी जुनी खोड आहे आणि पुढचं सगळं तिच्यापायीच झालं.

रिह्याच्या खोऱ्यात एक रिसॉर्ट झालं. त्यांना लांबून दिसेल अशी भाताची लोंबी हवी होती, तीस फूट उंच, आतून उजळणारी. जागा दाखवायला मॅनेजर घेऊन गेला तेव्हा मला हसूच आलं. बोर्डाच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला, बांधाला बांध लागून, माझ्या थोरल्या बहिणीचं खाचर! बाकीच्या रानात आक्का सगळ्यांसारखं दुकानातलं बियाणं लावते, पण ते एक खाचर तिने जुन्या आंबेमोहराला राखून ठेवलंय. ते बियाणं आमच्या आईचं. पहिल्या माहेरपणानंतर आक्का सासरी निघाली तेव्हा आईने तिच्या ओटीत घातलेलं. दरवर्षी त्याच खाचरातलं निवडून आक्का पुढच्या वर्षाला ठेवते. आता गावात दुसऱ्या कुणाकडे ते राहिलेलं नाही.

नमुन्याची लोंबी मी तिच्याकडूनच घेतली. कापणी तोंडावर आली होती. आक्का खाचरात फिरून फिरून दमली, शेवटी एक तिच्या मनासारखी सापडली.

"नीट ने रं. लई भरलीय, दाणं गळत्याल."

गळायलाच लागले. शेडमधला पंखा सुरू केला की दोन-चार दाणे खाली. नमुना शाबूत नसेल तर माप कसलं घेणार? पान असो, फूल असो, आमच्या धंद्यात पहिल्यांदा त्याच्यावर लॅकर, म्हणजे वाळून कडक होणारं रोगण, मारतात. मीही पारदर्शक लॅकरचे दोन हात मारले आणि लोंबी खिळ्याला टांगून टाकली. हाताच्या सवयीने केलं. त्यात विचार करण्यासारखं काही होतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मॅनेजरशी माझी दोनदा जुंपली. पहिल्यांदा, त्याला लोंबी सरळ उभी पाहिजे होती. "अहो सर," मी म्हणालो, "सरळ उभी लोंबी म्हणजे पोचट. दाणा भरला की ती वाकणारच. लोक हसतील तुम्हाला." तो ऐकेना, मीही हटलो नाही. शेवटी लोखंडी पाइपला मी मला हवा तसा बाक दिला. प्रत्येक दाणा म्हणजे ॲक्रिलिकची वेगळी पेटी, प्रत्येकीत एलईडी. तीन महिने माझी माणसं दुसरं काही करत नव्हती.

दुसरं भांडण मागच्या बाजूवरून. ड्रॉइंगमध्ये मागे नुसता काळा पत्रा होता. मागे शेतंच आहेत, तिकडून कोण बघणार, असं मॅनेजरचं म्हणणं. मला ते लागलं. मागे माझी बहीण राहते, तिच्या गावाने माझं काम पाठमोरं का बघायचं? मी माझ्या पदरचे दिवे घातले, पण मागची बाजू पुढच्यासारखीच उजळवली. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. हे मीच केलं.

उन्हाळ्यात क्रेनने लोंबी उभी केली. दिवस मावळताना बटण दाबलं आणि अख्खी उतरण पिवळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्का आपल्या अंगणात उभी होती. तिच्या लुगड्याची किनारसुद्धा मला बांधावरून दिसत होती. मी हात केला. तिनेही केला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. झाडावरचे बगळे बसायचे तसे बसले आणि पुन्हा उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ती ते बघत होती.

आठवड्याभराने तिचा फोन. "कोंबड्या खुराड्यात जाईनात बघ. अंगणातच फिरत्यात येड्यावानी."

"सवय होईल त्यांना," मी म्हणालो.

पावसाळ्यात पहिलं रोप पुरात वाहून गेलं. आक्काने मागे ठेवलेलं उरलंसुरलं बियाणं काढून पुन्हा रोप टाकलं. म्हणजे आईचं जेवढं होतं तेवढं सगळं आता त्या खाचरात होतं, घरात एक मूठसुद्धा नाही. लावणी झाली. भात जोमाने आलं, इतकं हिरवं की रिसॉर्टचे पाहुणे बांधावर उभे राहून फोटो काढायचे. मलाही तेव्हा बरं वाटलं, खोटं का बोलू?

गणपतीला गेलो. गावातलं भात पोटरीत आलेलं, लोंबी अजून पानाच्या पोटात. दसऱ्याला गेलो तर सगळीकडे लोंब्या बाहेर पडलेल्या आणि आक्काचं खाचर मात्र तसंच. गच्च हिरवं, कमरेच्या वर गेलेलं, पण एक लोंबी म्हणून नाही. वारा आला की बाकीची शेतं सळसळायची. ते खाचर नुसतं हलायचं. मला तिथे फार वेळ उभं राहवेना.

आक्का म्हणाली, "तुज्या बोर्डानं झालंय ह्ये."

"काय बोलतीस आक्का! एलईडीनं काय व्हतंय?"

"ह्या भाताला रात लागती. आई म्हनायची, रात वाढली की ह्ये निसवतं, लोंबी भाईर टाकतं. आता ह्याला रात हाय कुटं?"

मी हसलो. माझ्या कामात खोट काढली म्हणून रागावलो आणि वर हसलो. काय म्हणावं अशा माणसाला? दोन दिवसांनी कृषी सहायक आले. त्यांनी पोटरी चिरून बघितली, वर बोर्डाकडे बघितलं आणि तेच सांगितलं, फक्त पुस्तकी भाषेत. जुन्या वाणाला लांब अंधार लागतो. दिवे आजच बंद करा, तरी उशीर झालाय.

तडक मॅनेजरकडे गेलो. तो चहा पीत होता.

"सर, मागची बाजू बंद करा."

"मागची?" तो म्हणाला. "ती तर तुम्हीच हट्टाने लावून घेतलीत."

दिवाळीचं बुकिंग आहे, मालकांना विचारतो, बघतो, असं तो बोलत राहिला. मी शिडी मागितली आणि भर दुपारी वर चढून मागच्या बाजूच्या सगळ्या वायरी कापल्या. खाली मॅनेजर ओरडत होता. उंचावरून ते खाचर दिसलं. सगळं शिवार पिवळं पडायला लागलेलं आणि मधोमध तेवढाच एक हिरवा तुकडा.

लोंब्या आल्या, पण थंडीत. तोवर खाचरातलं पाणी आटलं होतं, जमिनीला भेगा पडल्या होत्या. आक्काने एक लोंबी तोडून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातावर काहीच उरलं नाही. खाचरभर लोंब्या सरळ उभ्या होत्या, मॅनेजरला हव्या होत्या तशाच.

बियाण्यासाठी मी गावोगाव विचारून आलो. मुळशीभर हिंडलो. आंबेमोहर मिळतो, पण आक्का दाणा दाताखाली धरायची, मान हलवायची. "आईचं न्हाई ह्ये."

मग एका सकाळी ती शेडवर आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. एसटीने आली होती, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"गेल्या साली तू लोंबी नेलीवतीस. हाय का रं?"

डब्याचं झाकण तिने आधीच उघडून हातात धरलं होतं. मला पळून जावंसं वाटलं. मी खिळ्यावरची लोंबी काढून तिच्या हातात दिली. वर्षभरात एकही दाणा गळालेला नव्हता. तिचा चेहरा इतका खुलला की माझ्याच्याने बघवेना. तिने लोंबी नाकाशी नेली, तशीच धरून राहिली. मग एक दाणा दाताखाली धरला आणि लगेच थुंकला.

"ह्याला काय लावलंस?"

"लॅकर. दाणं गळू नयेत म्हणून."

"उगवल का?"

"न्हाई, आक्का."

तिने डब्याला झाकण लावलं. लोंबी दोन्ही हातांनी उचलून, टाचा वर करून, होती तशी खिळ्याला अडकवली.

"ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाली. "तुज्या कामाला यील."