शेजारच्या चुलीनं बोलायचं

मला राग लवकर येतो. त्या काळी तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा. रहाटणीच्या बोर्डाच्या शाळेत मी एकटी बाई. गावात ना नातं, ना गोतं. माझी रत्नागिरीकडची बोली ऐकून पोरं फिदीफिदी हसायची. गाव मान द्यायचं, बसायला पाट द्यायचं, पण संध्याकाळी खोलीचं दार लोटलं की सोबतीला उरायचा फक्त स्टो. रॉकेल संपलं की तोही गप्प.

गावात फौजेतून परतलेले एक हवालदार होते. नोकरीत असताना कुठेतरी भूकंपानं अख्खं शहर आडवं झालेलं त्यांनी पाहिलं होतं, ढिगारे उपसले होते. गाव त्यांची टर उडवायचं. "हवालदार, जमीन हालती ती सुरुंगानं!" तेही खरंच. पिंपरीकडं कारखान्यांच्या पायासाठी सुरुंग लावायचे. दुपारी भांडी खणखणायची आणि कुणी मानसुद्धा वर करायचं नाही. पण हवालदार हट्टाला पेटले. महिन्यातून एकदा ते पारावर टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवायचे आणि सगळ्यांनी घरं सोडून खळ्यावर यायचं. तिथं दर चुलीमागं, म्हणजे घरटी, हजेरी. नियम त्यांचाच: आपलं आपण "हाय" म्हणायचं नाही, शेजारच्या चुलीनं बोलायचं. "आत गाडलेला मानूस बोलंल का? त्याच्यासाठी भाईरच्यानंच बोलाया पायजे."

यादी करायचं काम अर्थातच बाईंकडे आलं. मी दारोदार फिरले. माझ्या भिंतीपलीकडे एक म्हातारी राहायची, मागं पुढं कुणी नसलेली. आमचं पटायचं नाही, कारण चुलीतली राख ती नेमकी माझ्या दारापुढं टाकायची. ती म्हणाली, "येकल्या बाईची कसली आलीय चूल? नगं लिवू."

मी उखडले. "एकटं माणूस म्हणजे माणूस नाही की काय, आजी?" आणि तिच्यासमोर ठणकावून लिहिलं: चूल एक, माणूस एक. उत्तर कोणी द्यायचं त्या रकान्यात लिहिलं, शाळेच्या बाई. तिच्या दुसऱ्या अंगाला ओढाच होता, तिथून कोण बोलणार?

यादी हवालदारांनी साऱ्या गावाला वाचून दाखवली. तीत मीच नव्हते. माझ्याकडे चूल नव्हती, स्टो होता. त्यामुळं चुली मोजताना मी स्वतःला मोजलंच नाही. गावाच्याही ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही.

एका रविवारी दुपारी वह्या तपासत बसले होते. जमीन गुरगुरली. मला वाटलं, सुरुंग. हातातली वहीदेखील खाली ठेवली नाही. मग डोक्यात आलं, अगो बाई, रविवारी सुरुंग कुठला? तोवर फळीवरचे डबे खाली आले, मागची भिंत फुगली आणि कौलं धडाधड कोसळली. दाराकडं धावले तर चौकट तिरकी होऊन दार गच्च बसलेलं. बाहेर रूळ वाजत होता, आत मी दार बडवत होते. रुळापुढं माझं काय ऐकू जाणार!

रूळ थांबला. खळं माझ्या खोलीच्या मागंच होतं. हवालदार माझीच यादी वाचू लागले. एकेका चुलीचं नाव, आणि शेजाऱ्याचं "हाय!" मग म्हातारीचं नाव आलं. सगळं शांत. तिथं मी बोलायचं होतं. घसा धुळीनं भरला होता, आवाज फुटेना. मनात म्हटलं, आता विचारतील. आता कुणीतरी म्हणेल, बाई कुठाय?

म्हातारीच ओरडली, "आगं, मी हाय की! जित्ती हाय, मेले न्हाई आजून!" सगळं खळं हसलं. पुढचं नाव घेतलं गेलं. शेवटी हवालदारांचा आवाज आला, "गाव पुरं हाय!"

मी रडले. भिंतीच्या भीतीनं नाही. माझ्यावाचून गाव पुरं होतं, म्हणून रडले.

मग राग आला, आणि रागच कामी आला. वरवंटा उचलला, खिडकीचे कुजके लाकडी गज फोडले आणि कोपर सोलून घेत बाहेर पडले. खळ्यावर गेले तर हवालदार हसतमुख. "बाई, बघा तुमची यादी! येक मानूस ऱ्हायलं न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ?

म्हातारी माझ्या कोपराकडं बघत होती. "बाई, माजं नाव निघालं तवा तू बोलली न्हाईस." आणि मटकन खाली बसली. "आगं, मी हसले गं."

हवालदारांनी खालमानेनं यादी पुढं केली. मी शेवटी लिहिलं: शाळेच्या बाई, स्टो एक, माणूस एक. उत्तराच्या रकान्यात म्हातारी. त्यानंतर दर हजेरीला माझं नाव पुरतं निघायच्या आत ती "हाय! हाय!" करून खळं डोक्यावर घ्यायची. राख मात्र माझ्याच दारात टाकायची.

वर्षभरानं बदलीचा हुकूम आला, चाकणकडं. नवे मास्तर चिंचवडहून सायकलनं ये-जा करणार होते. निघण्याआधी मी यादी नव्यानं उतरवली. माझी ओळ गाळली. म्हातारीच्या ओळीशी आले आणि हात थांबला. तिच्या भिंतीपलीकडची माझी खोली आता रिकामी राहणार. हवालदार म्हणाले, "लांबच्या कुनाचं तरी लिवा."

"लांबच्याला काय कळनार, मी आत हाय का भाईर?" म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ दे मोकळं. मी माजं मी म्हनंन."

तिच्याशी भांडून "चूल एक, माणूस एक" लिहिणारी मी, तिच्या उत्तराचा रकाना तसाच मोकळा ठेवून निघून आले.